कुशिंग यांनी सोडलेली वाट

बोटातली अंगठी निघेनाशी होते, चपलेचं माप वाढत जातं, खालचा जबडा पुढे येतो. हे इतकं हळूहळू घडतं की घरच्यांच्याही ध्यानात येत नाही. जुना फोटो हाती लागला की चमकायला होतं. 1886 मध्ये पॅरिसच्या पिएर मारी यांनी या विकाराला ‘ॲक्रोमेगॅली’ हे नाव दिलं. त्याचं मूळ मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत असतं. तिथल्या गाठीतून वाढीचं संप्रेरक बेसुमार पाझरतं. गाठ मोठी झाली की वरच्या दृष्टीच्या नसा दाबल्या जातात आणि आजूबाजूचं दिसेनासं होतं.

तिथवर पोचायचं कसं? 1907 मध्ये इन्सब्रुकच्या हर्मान श्लोफर यांनी नाक एका बाजूने कापून उलटवलं आणि मागच्या हाडातून वाट काढली. अमेरिकेत हार्वी कुशिंग यांनी वरच्या ओठाखालून छेद घेऊन ती सुधारली. चेहऱ्यावर व्रण उरेना. 1910 ते 1925 या काळात त्यांनी 231 रोग्यांवर अशी शस्त्रक्रिया केली. 5.6 टक्के दगावले. प्रतिजैविकं नसलेल्या त्या काळात ही मोठीच कामगिरी.

आणि तरी कुशिंग यांनीच ही वाट सोडली. कवटी उघडून गेलं की दृष्टीच्या नसा समोर दिसतात, मोठी गाठ नीट काढता येते, असं त्यांचं मत झालं. त्यांचा शब्द मोठा. बहुतेक शल्यविशारद त्यांच्यामागे गेले. एडिंबराचे नॉर्मन डॉट मात्र गेले नाहीत. 1923-24 मध्ये बोस्टनला कुशिंग यांच्याकडे ते ही पद्धत शिकले होते. नाकातल्या खोल, अंधाऱ्या जागेसाठी त्यांनी दिवा बसवलेलं उपकरण तयार केलं आणि काम चालू ठेवलं. या कुळकथेत मला सर्वांत मोठे वाटतात ते डॉटच. 1956 मध्ये पॅरिसचे जेरार गिओ त्यांच्याकडून ही पद्धत शिकले आणि गिओंकडून माँट्रियलचे ज्यूल्स हार्डी.

कुशिंग यांनी 1932 मध्ये आणखी एका पिट्युटरी विकाराचं सविस्तर वर्णन केलं होतं: गोल सुजलेला चेहरा, पोटावर जांभळे पट्टे, ठिसूळ हाडं. आज त्याला त्यांचंच नाव आहे. त्यातली गाठ बहुधा काही मिलिमीटरचीच असते, साध्या एक्स-रेत दिसत नाही. 1960च्या दशकात हार्डींनी याच वाटेवर सूक्ष्मदर्शक आणला. त्याखाली गाठ आणि निरोगी ग्रंथी वेगळी ओळखू येऊ लागली. नुसती गाठ काढून ग्रंथी जागच्या जागी राखता येऊ लागली.