वसतिगृहातील पंगत

२७ जुलै १९१६ रोजी म्हैसूर विद्यापीठाची स्थापना झाली. संस्थानी राज्यात निघालेले भारतातील ते पहिले विद्यापीठ. कृष्णराज वडियार चौथे हे त्याचे कुलपती आणि विश्वेश्वरय्या हे त्या वेळचे दिवाण. महाविद्यालये आरंभी म्हैसूर व बंगळूर या दोन शहरांत एकवटली होती. खेड्यातून आलेल्या मुलाला प्रवेश मिळे. परंतु तो राहणार कोठे आणि जेवणार कोठे?

या प्रश्नाचे जुने उत्तर म्हैसुरात ‘वारान्न’ या नावाने ओळखले जाई. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे विद्यार्थ्याचे जेवण ठरलेले असे. महाराष्ट्रात वार लावून जेवण्याची रीत होती, तीच ही. ‘तातय्या’ म्हणून ओळखले जाणारे एम. वेंकटकृष्णय्या यांनी गरीब विद्यार्थ्यांसाठी म्हैसुरात अनाथालय काढले, त्यामागेही हीच कळकळ होती. परंतु वाराचे ताट प्रामुख्याने ब्राह्मण विद्यार्थ्यापुढेच वाढले जाई. लिंगायत मुलाला मठाचा आधार होता. शेतकऱ्याच्या किंवा अस्पृश्य मानलेल्या मुलाने कोणाच्या दारात उभे राहावे?

हीच अडचण म्हैसूरच्या आधी कोल्हापुरात शाहू छत्रपतींना जाणवली होती. १८९६ मध्ये त्यांनी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले. पण काही काळातच ते केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांचे होऊन बसले. तेव्हा महाराजांनी वेगळी वाट धरली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. पुढे जैन, मुसलमान, लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस् क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. कोल्हापूर वसतिगृहांचे माहेरघर ठरले. या योजनेने हजारोंना शिक्षणाचे दार उघडले, हे खरे. तथापि, ज्या भिंतींनी मुलाला निवारा दिला, त्याच भिंतींनी त्याला शेजारच्या मुलापासून दूरही ठेवले.

त्या भिंतीची झळ कोल्हापुरात शिकणाऱ्या भाऊराव पाटलांना लागली. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाहून परतल्यावर त्यांनी शुद्धीचे स्नान नाकारले आणि त्यामुळे त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात जे वसतिगृह काढले, त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र काम करीत आणि एकाच पंगतीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. ज्यांनी वेगळी वसतिगृहे काढली, त्यांचेच नाव या एकत्र वसतिगृहाला मिळावे, यात विसंगती नाही. पहिल्या पायरीवाचून दुसरी चढता आली नसती. ही पंगत चालविण्यासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडले. घरचे सोवळे सोडून त्या साऱ्या मुलांच्या आई झाल्या.

म्हैसुरातही जातिवार वसतिगृहे होती. परंतु एका विद्यार्थ्याला निराळा आसरा लाभला. मलनाडातील कुप्पळी गावच्या शेतकरी घराण्यातला के. व्ही. पुट्टप्पा हा तरुण महाराजा कॉलेजात शिकत असता रामकृष्ण आश्रमात राहू लागला. कुवेंपू या नावाने तो पुढे कन्नडचा श्रेष्ठ कवी झाला. १९२९ मध्ये तो आपल्याच महाविद्यालयात अध्यापक झाला आणि १९५६ मध्ये विद्यापीठाचा कुलगुरू. त्यांच्याच कारकीर्दीत, १९६० साली, पदव्युत्तर शिक्षणाचे नवे आवार उभे राहिले. त्याला त्यांनी ‘मानसगंगोत्री’ हे नाव दिले.

विद्यापीठाची कीर्ती प्राध्यापकांच्या ग्रंथांवरून मोजली जाते आणि ते योग्यच आहे. परंतु त्याने समाजासाठी काय केले, याचा एक पुरावा वसतिगृहाच्या भोजनगृहातही मिळतो. ज्या मुलाला गावात शेजारच्या ओटीवर बसता आले नसते, तो तेथे कोणाशेजारी पान मांडून बसला, ही नोंद परीक्षेच्या निकालाइतकीच मोलाची आहे.