रसनेची साक्ष

मराठी भाषेने जिभेवर मोठा भार टाकला आहे. चटक जिभेला लागते, आळ जिभेच्या हाडावर येतो, आणि ज्याच्या वाणीत माधुर्य, त्याच्या जिभेवर सरस्वती नांदते असे म्हणतात. बोलणे आणि चाखणे ही दोन्ही कामे ज्या एका इंद्रियाकडे आली, त्याला कर्करोगाने ग्रासले म्हणजे माणसाचे नेमके काय हरवते, हा प्रश्न मात्र वैद्यकाच्या इतिहासात फार उशिरा विचारला गेला.

प्राचीनांची दृष्टी या बाबतीत अगदीच कोरडी नव्हती. सुश्रुतसंहितेत जिभेचे पाच विकार वर्णिले आहेत. त्यांपैकी एकात जीभ भेगाळते आणि प्रसुप्त, म्हणजे बधिर होते. ‘अलास’ नावाच्या दुसऱ्या विकारात जिभेखाली दारुण सूज येते, जीभ ताठरते व मूळ पिकते. संहितेने तो असाध्य मानला आहे. त्याला सरसकट कर्करोग ठरविणे धाडसाचे होईल. परंतु जिभेचा रोग पाहताना तिच्या संवेदनेची विचारपूस करावी, हे भान त्या वर्णनात आहे.

रोगाला खतपाणी घालणारा तंबाखू मात्र परका. पोर्तुगीजांबरोबर तो हिंदुस्थानात उतरला, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी असदबेगाने तो विजापुराहून अकबराच्या दरबारी नेला. जहांगीराने 1617 मध्ये घातलेली बंदी टिकली नाही. पान, सुपारी आणि चुना यांच्या संगतीला तंबाखू येऊन बसला व घरोघर पोहोचला. पान-तंबाखू चघळणे आणि तोंडाचा कर्करोग यांचे नाते ऑर यांनी 1933 मध्ये त्रावणकोरातील रुग्णांवरून दाखविले. पुढे 1941 मध्ये मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले, आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी याच प्रश्नाचा पाठपुरावा केला.

बंगळूरमध्ये व्हिक्टोरिया रुग्णालय 1900 मध्ये सुरू झाले. कर्करोगासाठी स्वतंत्र किडवाई स्मारक संस्था 1973 मध्ये उभी राहिली. देशात कर्करुग्णांची पद्धतशीर नोंद 1982 पासून सुरू झाली, तेव्हा मुंबई व मद्रास यांच्याबरोबर बंगळूरचीही निवड झाली. आज देशभरच्या नोंदींचे संकलन याच शहरात होते. रोग कोणाला, कोठे व किती जडतो, हे त्या आकड्यांतून कळते. त्याची जीभ काय भोगते, हे कळण्यासाठी मात्र रुग्णाशेजारीच बसावे लागते.

जिभेच्या पुढल्या दोन तृतीयांश भागाचा स्पर्श एका मज्जातंतूतून जातो, तर चव दुसऱ्यातून. मागल्या भागाची दोन्ही कामे तिसरा तंतू करतो. यांतील तंतूंची कानाकडे जाणाऱ्या शाखांशी सोयरीक असल्यामुळे व्रण जिभेवर असून ठणका कानात जाणवतो. बिचारा रुग्ण कानात थेंब घालीत राहतो, आणि मोलाचे आठवडे निघून जातात. रोगाने तंतूलाच गाठले, तर जिभेची कड बधिर होते. दुखणे थांबले म्हणून घरच्यांना हायसे वाटावे, आणि नेमके तेच रोग खोल गेल्याचे चिन्ह असावे, अशी ही विपरीत स्थिती आहे.

शेंड्याला गोड आणि मागे कडू, असा जिभेचा नकाशा शाळेच्या पुस्तकांनी वर्षानुवर्षे शिकविला. हेनिग यांच्या 1901 च्या प्रयोगांचा तो विपर्यास होता. चव घेणाऱ्या सर्वच भागांना सर्व चवी कळतात. म्हणून अर्धी जीभ कापावी लागली तरी साखर कायमची पारखी होत नाही. किरणोपचाराचे तसे नाही. त्यातील चवीच्या ऱ्हासाला 1959 मध्ये ‘लॅन्सेट’मधील एका लेखाने मुखाचे अंधत्व म्हटले. रुचिकलिकांतील पेशी साधारणतः दहा दिवसांनी बदलतात, आणि किरणांमुळे हे नवेपणच खुंटते. लाळ आटते, भात भुश्शासारखा लागतो. पुढे काही महिन्यांत चव बहुधा परतते. काहींची पुरती परतत नाही. नाक शाबूत असल्यामुळे बंगळूरच्या कॉफीचा दरवळ त्या रुग्णाला कळतो. घोट मात्र कोमट पाण्यासारखा उतरतो.

मनगटाजवळची त्वचा रक्तवाहिन्यांसह उचलून जीभ घडविण्याची युक्ती चिनी शल्यवैद्यांनी सुरू केलेल्या पद्धतीतून आली. त्या त्वचेचा तंतू जिभेच्या तंतूला जोडला, तर स्पर्श काही अंशी परत मिळतो. घास कोठे आहे, ऊन आहे की गार, हे उमजते. चव मात्र येत नाही, कारण हाताच्या कातडीला रुचिकलिका नसतात.

शतकानुशतके वैद्यकाने ‘रुग्ण जगला का?’ एवढेच विचारले, आणि तो प्रश्न थोरला होता, यात संशय नाही. परंतु वाचलेल्या माणसाला दररोज पानावर बसायचे असते. भरलेल्या ताटापुढे तो गप्प झाला, तर ते नखरे नव्हेत, तो जेवणाचा कंटाळाही नव्हे. तीन आठवडे न भरणारा जिभेवरचा व्रण, कारणावाचून ठणकणारा कान आणि बधिर झालेली कड, ही रसनेची साक्ष आहे. ती वेळीच ऐकली, तर पुष्कळांचा प्राण वाचेल, आणि पुष्कळांच्या ताटातली चवही.