एक कोटी चिठ्ठ्या

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. विद्यापीठांनी संशोधनाचा कारभार कसा करावा, हे मी सांगणे म्हणजे आगाऊपणाच! पण गेल्या वर्षी मुलांची सहल घेऊन पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेलो आणि तो विषय मनातून जाईना.

आपल्याकडे १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, ते परीक्षा घेण्यापुरते. संशोधन हेही विद्यापीठाचे काम, हे कायद्यात यायला १९०४ साल उजाडले. डेक्कन कॉलेज तर सरकारने १९३४ साली बंदच केले. माजी विद्यार्थी न्यायालयात झगडले, म्हणून १९३९ साली ते संशोधनसंस्था होऊन पुन्हा उघडले.

तेथे १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम आरंभले. वेदांपासून पुढचे सुमारे दीड हजार ग्रंथ वाचायचे. कोणता शब्द कोठे, कोणत्या अर्थाने आला ते चिठ्ठीवर उतरायचे. पंचवीस वर्षांत सुमारे एक कोटी चिठ्ठ्या झाल्या! कोशाचा पहिला भाग छापून आला १९७६ साली, डॉ. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली. कत्रे १९७१ सालीच निवृत्त झाले होते. पुढे पस्तीस खंड निघाले, तरी 'अ' हे अक्षर सरले नव्हते.

चिठ्ठ्यांच्या कपाटांपुढे एका मुलीने विचारले, "गुरुजी, हे संपणार केव्हा?"

"तुझ्या नातवाला विचार," मी म्हणालो. मुले हसली. मी मात्र ओशाळलो. दर वर्षाअखेर निकालाची टक्केवारी मोजणारा मी. ते काम माझ्या हाती असते, तर दुसऱ्याच वर्षी बंद केले असते!

आणि ही ढिलाई म्हणावी, तर तसेही नाही. चिठ्ठीवर ग्रंथाचे नाव नि स्थळ नसेल, तर तिचा उपयोग काय? मुदत उदार, पण हिशेब चिठ्ठीचिठ्ठीचा. संशोधनाचा कारभार म्हणतात तो हाच असावा. आपण बहुधा उलटे करतो: मुदतीचा तगादा लावतो आणि चिठ्ठी तपासत नाही.

तीच मुलगी हल्ली आजीच्या तोंडचे जुने शब्द वहीत उतरवते. पूर्वी मी म्हटले असते, "आधी गणिते सोडव." परवा तिला दुसरी वही आणून दिली. अट एकच घातली: शब्द कोणाकडून, कोठे ऐकला, ते प्रत्येक शब्दापुढे लिहायचे. वही केव्हा भरणार, हे मात्र विचारले नाही.