ओटाय पर्वत आणि बंद मनोरा

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला, सॅन डिएगो शहर आणि मेक्सिकोची सरहद्द यांच्या बेचक्यात, ब्राउन फील्ड नावाचा विमानतळ आहे. त्याच्या पूर्वेला ३,५६६ फूट उंचीचा ओटाय पर्वत उभा आहे. १९९१ मध्ये एक जेट विमान ब्राउन फील्डवरून उडाले आणि या पर्वतावर आदळले. २००४ मध्ये आणखी एक जेट तिथूनच उडाले आणि याच पर्वतावर आदळले. दोन्ही वेळी मध्यरात्र उलटून गेली होती आणि नियंत्रण मनोरा बंद होता. दोन्ही विमाने मात्र धडधाकट होती. आजचा धागा या दोन रात्रींविषयी.

आधी थोडी पार्श्वभूमी. विमानतळ म्हटला की मनोरा असणारच, हा आपला समज प्रवाशाचा आहे. अमेरिकेत सार्वजनिक वापराचे पाच हजारांहून अधिक विमानतळ आहेत आणि त्यांपैकी जेमतेम पाचशेंवर मनोरा आहे. अनेक मनोरे रात्री बंद होतात. इतिहासक्रमही हेच सांगतो: विमाने आधी आली, नियंत्रक नंतर. १९२९ च्या सुमारास सेंट लुइस येथे आर्ची लीग हा गृहस्थ खुर्ची, छत्री आणि दोन निशाणे हातगाडीवर घालून धावपट्टीपाशी जाऊन बसे. अमेरिकेतील पहिला हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून त्याचेच नाव घेतले जाते.

मनोरा नसतो तेव्हा उड्डाणापूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे वैमानिकालाच शोधावी लागतात. पहिला प्रश्न धावपट्टी मोकळी आहे का, हा. त्यासाठी सर्वांनी एकाच सामाईक रेडिओ लहरीवर आपला ठावठिकाणा सांगायचा आणि इतरांचा ऐकायचा, अशी रीत आहे. ती मोडली की काय होते, हे इलिनॉय राज्यातील क्विन्सी येथे १९ नोव्हेंबर १९९६ रोजी दिसले. प्रवासी सेवेचे एक छोटे विमान तिथे उतरत होते आणि छेदणाऱ्या दुसऱ्या धावपट्टीवर एक खासगी विमान उड्डाणाच्या तयारीत उभे होते. उतरणाऱ्या वैमानिकांनी रेडिओवर विचारणा केली. उत्तर आले ते रांगेत मागे थांबलेल्या तिसऱ्याच विमानाकडून, तेही अर्धवट ऐकू आलेले. समोरचे विमान थांबणार आहे, असा त्यांचा समज झाला. ते थांबले नाही. दोन्ही विमानांतील मिळून १४ जण मृत्युमुखी पडले.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: धावपट्टी सुटल्यावर पुढे काय आहे? ढगांत किंवा अंधारात डोळ्यांचा उपयोग नाही. म्हणून उपकरणांच्या आधारे होणाऱ्या उड्डाणांसाठी एक गणित बांधलेले आहे. धावपट्टीच्या टोकावर विमान निदान ३५ फूट उंचीवर असावे, ४०० फूट गाठेपर्यंत वळू नये आणि त्यानंतर दर नॉटिकल मैलामागे किमान २०० फूट चढावे. एवढ्याने अडथळे टळत नसतील, तर त्या विमानतळासाठी प्रस्थानाची वेगळी पद्धत प्रसिद्ध केली जाते: अमुक दिशेला वळा, अमुक उंची गाठा. ब्राउन फील्डसाठी अशी पद्धत होती. पूर्वेला तोंड करून उडालात तरी डावीकडून वळून पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला यावे, असा तिचा अर्थ. ती पाळा, असे सांगणारा मात्र रात्री तिथे कोणी नव्हता.

मनोरा बंद असला तरी परवानगी जमिनीवरूनच मिळू शकते. वैमानिक फोनवरून किंवा दूरस्थ रेडिओवरून ती मागतो, आणि तिला मुदत असते: अमुक वाजेपर्यंत उडाला नाहीत तर ती रद्द. या प्रक्रियेत वेळ जातो. म्हणून एक आडवाट वापरली जाते. ‘डोळ्यांनी बघत’ उडायचे आणि परवानगी आकाशात गेल्यावर घ्यायची. ही वाट कायदेशीर आहे. मात्र परवानगी मिळेपर्यंत डोंगर चुकवण्याचा भार सर्वस्वी वैमानिकावर असतो. नियमित विमानकंपन्यांच्या वैमानिकांवर याबाबत कडक बंधने असतात. आपल्या गोष्टीतील दोन्ही विमाने त्या चौकटीबाहेरची होती.

१६ मार्च १९९१. गायिका रीबा मॅकएंटायर हिचा सॅन डिएगोतील कार्यक्रम संपला होता आणि तिच्या वाद्यवृंदातील मंडळी दोन विमानांनी निघाली होती. पहिल्या विमानाच्या वैमानिकाने उड्डाण माहिती सेवेशी तीनदा फोनवर बोलणे केले. परवानगी आकाशात घेण्याचा त्याचा बेत होता. पण सॅन डिएगोच्या मुख्य विमानतळाभोवतीच्या नियंत्रित अवकाशात परवानगीशिवाय शिरणे हा नियमभंग ठरला असता. तो टाळण्यासाठी ३,००० फुटांच्या खाली राहिलो तर चालेल का, असे त्याने विचारले. माहिती देणाऱ्याने दुजोरा दिला. नियमाच्या दृष्टीने ते उत्तर बरोबरच होते, पण ईशान्येला साडेतीन हजार फुटांचा डोंगर आहे, हे त्या संभाषणात कोणीच उच्चारले नाही. वैमानिक त्या मुलखात नवखे होते. रात्री पावणेदोनच्या सुमारास विमान डोंगरावर आदळले. दहाही जण गेले. दुसरे विमान सुखरूप पोहोचले. चौकशी मंडळाने मुख्य दोष वैमानिकांना दिला, आणि माहिती देणाऱ्याने भूप्रदेशाची पुरेशी कल्पना दिली नाही, हे कारणही नोंदवले.

मला या प्रकरणात सर्वाधिक अस्वस्थ करते ती प्रश्नाची घडण. वैमानिकाने विचारले ते नकाशावरच्या रेषेबद्दल आणि उत्तरही त्या रेषेबद्दलच मिळाले.

२४ ऑक्टोबर २००४. एक रुग्णवाहू लिअरजेट रुग्णाला पोहोचवून न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्कीला परत निघाले होते. विमानात दोन वैमानिक आणि तीन वैद्यकीय कर्मचारी होते. जमिनीवरून परवानगी मिळेना, तेव्हा त्यांनी पूर्वेकडे तोंड असलेल्या धावपट्टीवरून ‘डोळ्यांनी बघत’ उड्डाण केले. ढगांचे छत जेमतेम २,१०० फुटांवर होते. या खेपेला रडारवर नियंत्रक होता. त्याने विमान ओळखले, दिशा दिली, ढगांबाहेर राहण्यास सांगितले आणि ५,००० फुटांवर परवानगीची अपेक्षा ठेवा असे कळवले. ती दिशा डोंगराळ भागाकडचीच होती. जमीन जवळ आल्याचा इशारा नियंत्रकाच्या यंत्रणेने दिला, पण तो वैमानिकांपर्यंत पोहोचला नाही. पाचही जण मृत्युमुखी पडले.

१९९१ मध्ये वैमानिकाला होकार मिळाला होता, २००४ मध्ये थेट सूचना. दोन्ही वेळी पलीकडून माणसाचा आवाज येत होता, म्हणून कोणीतरी डोंगरावर नजर ठेवून आहे, असे वाटण्यास जागा होती. दुसऱ्या अहवालात वैमानिकांच्या थकव्याची आणि नियंत्रकाच्या चुकीची स्वच्छ नोंद आहे. मंडळाच्या मते, दिशा देताना त्याने डोंगर चुकवण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि ती निभावली नाही.

समोरची जमीन ओळखून वैमानिकाला बोलून सावध करणारी यंत्रणा अशा जेट विमानांना अमेरिकेत सक्तीची झाली ती २९ मार्च २००५ पासून, म्हणजे दुसऱ्या अपघातानंतर पाच महिन्यांनी. त्या लिअरजेटमध्ये ती नव्हती. डावीकडून वळून समुद्राकडे नेणारी पद्धत मात्र तेव्हाही छापील स्वरूपात उपलब्ध होती.