भाड्याच्या दुचाकीचा पूर्वेतिहास
दुसऱ्या महायुद्धातील कल्याण लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. शेजारच्या अंबरनाथ-बदलापूर शहरांप्रमाणे येथेही रेल्वे स्थानकापासून घर गाठण्याचा प्रश्न उरला, ज्याचा भार बव्हंशी शेअर रिक्षाने, म्हणजे अनोळखी प्रवाशांनी भाडे वाटून घेतलेल्या रिक्षाने, उचलला. दुसरा पर्याय भाड्याच्या दुचाकीचा: चालकाविना दुचाकी भाड्याने देण्यास केंद्राच्या १९९७ च्या योजनेने परवान्याची चौकट दिली. विजेच्या स्कूटरबाबत मात्र नियमांत एक विचित्र फट राहिली: २५० वॅटपेक्षा कमी शक्तीचे, ताशी २५ किलोमीटरहून कमी वेगाचे हलके वाहन कायद्याच्या दृष्टीने ‘मोटार वाहन’ ठरत नसल्याने त्यास नोंदणी, चालक परवाना वा हेल्मेट यांची सक्ती नाही. स्थानकाबाहेरच्या गर्दीत ही सवलत धोक्याचीच आहे. हेल्मेट पुरविण्याची अट भाडेकरारातच असावयास हवी.