पेटीआडचा मेन्यू
'माइनक्राफ्ट'च्या अनेक सर्व्हरवर प्रवेश केला, की खेळाडूसमोर एक पेटी उघडते. तिच्या एका खणात तलवार, दुसऱ्यात पलंग, तिसऱ्यात हिरा दिसतो. तलवारीवर क्लिक केल्यास ती हाती येत नाही. खेळाडू थेट रणांगणात पोहोचतो. ही पेटी म्हणजे प्रत्यक्षात मेन्यू असतो.

हा आडमार्ग निवडण्यास कारण आहे. स्वीडनच्या मोयांग कंपनीने २०११ मध्ये पूर्ण स्वरूपात आणलेल्या या खेळाच्या जावा आवृत्तीत 'प्लगिन' नावाची जोड-आज्ञावली बसवून सर्व्हरचालकाला नियम बदलता येतात. मात्र ती चालते सर्व्हरवर. खेळाडूच्या संगणकावरील मूळ खेळ तसाच राहतो. त्याला अपरिचित खिडकी दाखवायला सांगता येत नाही, पेटी मात्र तो ओळखतो. २०२५ मधील १.२१.६ या आवृत्तीत संवादचौकटींची सोय झाली. तरीही दुकानासारख्या चित्रमय मांडणीला पेटीच सोयीची पडते.

मेन्यू बांधणे सोपे आहे. 'बकिट' या आज्ञासंचात, व त्यावर आधारलेल्या 'स्पिगॉट' आणि 'पेपर'मध्ये, मालक, खणांची संख्या आणि शीर्षक दिले की पेटी तयार होते. एका ओळीत ९ खण असतात. म्हणून संख्या ९ च्या पटीत, जास्तीत जास्त ५४ ठेवावी लागते. मोजणी शून्यापासून होत असल्याने तीन ओळींच्या पेटीचा मधला खण १३ वा. वस्तूला हवे ते नाव आणि त्याखाली वर्णनाच्या ओळी देता येतात.

खरी कसोटी पुढे आहे. क्लिकची घटना प्लगिनने रद्द केली नाही, तर खेळाडू मेन्यूतील हिरा खुशाल उचलून नेतो. मेन्यू प्रत्येक वेळी नव्याने भरला जात असल्याने शंभरदा उघडणाऱ्याच्या झोळीत शंभर हिरे जमतात, आणि सर्व्हरची बाजारपेठ कोसळते. शिफ्टची कळ दाबून झोळीतील वस्तू वर सरकवणे हाही क्लिकच. पण वस्तू खणांवरून ओढत नेणे ही निराळी घटना आहे व तीही रद्द करावी लागते. नवशिके नेमके हेच विसरतात.

मेन्यू शीर्षकावरून ओळखणे ही दुसरी चूक. ऐरणीवर साध्या पेटीला हवे ते नाव देता येते. एखाद्याने आपल्या पेटीला व्यवस्थापकांच्या मेन्यूचे नाव दिले आणि प्लगिनने केवळ नाव पाहिले, तर अधिकार नसलेल्याचे क्लिकही ग्राह्य धरले जाईल. त्याऐवजी पेटीचा 'मालक' म्हणून प्लगिनचाच स्वतंत्र घटक नोंदवावा आणि क्लिकच्या वेळी तो तपासावा. ही खूण खेळाडूला बनवता येत नाही.

मेन्यू बंद करण्याची किंवा दुसरा उघडण्याची आज्ञाही क्लिकची घटना हाताळताना तत्काळ देऊ नये, असे बकिटच्या दस्तऐवजातच बजावले आहे. ते काम पुढच्या 'टिक'वर सोपवावे. सुरळीत चालणाऱ्या सर्व्हरवर सेकंदाला २० टिक होतात. त्यामुळे हा विलंब खेळाडूला जाणवतही नाही.