कोणता जॉन?

इ. स. १३८१ च्या जून महिन्यात इंग्लंडच्या केंट परगण्यातले शेतकरी बंड करून लंडनच्या वाटेला लागले. डोईपट्टी असह्य झाली होती. पंधरा वर्षांवरील माणशी सरासरी एक शिलिंग, आणि तीही चार वर्षांतली तिसरी पट्टी! वाटेत जो भेटेल त्याला हे लोक शपथ घ्यायला लावीत, की राजा रिचर्ड आणि रयत यांच्याशी इमान राखीन आणि जॉन नावाचा राजा कधीही मानणार नाही. सेंट ऑल्बन्सच्या मठातला बखरकार थॉमस वॉल्सिंगहॅम याने ही नोंद करून ठेवली आहे. रोख होता तो चौदा वर्षांच्या राजाचा चुलता जॉन ऑफ गाँट याच्यावर. मौज अशी, की बंडाचा उपदेशक जॉन बॉल, सफोकमधला म्होरक्या जॉन रॉ, आणि तिसरा जॅक स्ट्रॉ. जॅक हे तर जॉनचेच घरगुती रूप. ज्यांना राजा जॉन नको होता, त्यांचे पुढारीच जॉन होते.

त्या काळी इंग्लंडात संतांची मोजकी नावे फिरून फिरून ठेवीत आणि आडनाव म्हणून बहुधा गाव किंवा धंदा लावीत. पूर्वी यॉर्कशरमध्ये मोडणारे विक्लिफ नावाचे खेडे टीझ नदीकाठी आहे. तिकडून शिकायला बाहेर पडलेला कोणताही जॉन हा ‘जॉन विक्लिफ’ होऊ शकत होता. त्यातून स्पेलिंगला धरबंध नाही. आमच्या शाळेच्या पटावर एकाच नावाची तीन मुले असली, तर आम्ही वडिलांचे नाव आणि गाव पाहतो. आणि मराठी नाव कानडी अर्जात जाऊन परत आले की त्याची वेलांटी कशी बदलते, हे सीमाभागातल्या पालकांना मी सांगायला नको. चौदाव्या शतकातल्या कारकुनांकडून अधिक काटेकोरपणाची अपेक्षा कशी करावी?

हा नुसता नावांचा घोळ असता, तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण यात एका मोठ्या माणसाच्या सचोटीचा प्रश्न गुंतला आहे.

पोपच्या सत्तेवर आणि धर्मसंस्थेच्या संपत्तीवर कठोर टीका करणारा, सामान्यांना बायबल त्यांच्या भाषेत मिळाले पाहिजे असा आग्रह धरणारा जॉन विक्लिफ हा ऑक्सफर्डचा पंडित. १३६० मध्ये तो बॅलिओल कॉलेजचा प्रमुख होता. १३६१ च्या सुमारास आर्चबिशप सायमन आयस्लिप यांनी ऑक्सफर्डमध्ये कँटरबरी हॉल नावाची संस्था काढली. मठवासी भिक्षू आणि मठाबाहेरचे धर्मगुरू यांनी तिथे एकत्र राहून शिकावे, अशी त्यांची योजना होती. दोघांचे पटेना. तेव्हा १३६५ मध्ये आयस्लिपनी भिक्षू वॉर्डनला दूर करून त्या जागी एका जॉन विक्लिफची नेमणूक केली. पुढच्याच वर्षी आयस्लिप वारले. नवे आर्चबिशप सायमन लँगहॅम स्वतः मठवासी. त्यांनी १३६७ मध्ये विक्लिफला काढून टाकले. प्रकरण पोपकडे गेले आणि १३७० मध्ये निकाल विक्लिफच्या विरुद्ध लागला.

विल्यम वुडफोर्ड नावाचा फ्रान्सिस्कन पंडित विक्लिफचा समकालीन व ऑक्सफर्डमधला प्रतिस्पर्धी. त्याने लिहून ठेवले, की जमीनजुमला बाळगणाऱ्या मठांविरुद्ध हा गृहस्थ पूर्वी काही बोलत नव्हता, तिथून हाकलला गेल्यावर बोलू लागला. म्हणजे थोडक्यात, नोकरी गेली म्हणून सुधारक झाला! विरोधकांनी हा आरोप शतकानुशतके वापरला.

एकोणिसाव्या शतकात मात्र दुसरा जॉन पुढे आला. ससेक्समधील मेफील्ड हे आर्चबिशपचे ठाणे. तिथल्या चर्चवर आयस्लिपनी १३६१ मध्ये जो धर्मगुरू नेमला, त्याचेही नाव जॉन व्हिटक्लिफ. ऑक्सफर्डचे संशोधक शर्ली यांनी १८५८ साली मांडले, की कँटरबरी हॉलचा वॉर्डन हाच मेफील्डचा जॉन असावा. आयस्लिप ज्याला ओळखत होते त्यालाच त्यांनी नेमले असेल, हा तर्क सरळ होता. सुधारकाच्या प्रोटेस्टंट चाहत्यांना हायसे वाटले: डाग पुसला गेला.

पण पुरावा शर्लींच्या बाजूने झुकत नाही. वुडफोर्ड तिथेच वावरणारा माणूस होता; त्याच्या हयातीत खोटे ठरेल असे विधान तो सहजी करणार नाही. वॉल्सिंगहॅमही तेच सांगतो. विसाव्या शतकात वर्कमन यांच्यासारख्या चरित्रकारांनी वॉर्डन हा सुधारकच होता असे मानले, आणि आज बहुतेक अभ्यासकांचा कल तिकडेच आहे. मला वाटते, त्याच्या चाहत्यांनी दुसऱ्या जॉनच्या आड लपण्याची काही गरज नव्हती. मठांच्या कारभाराचा चटका बसल्यामुळे एखाद्याचे डोळे उघडले असतील, तर त्याला जे दिसले ते खोटे ठरत नाही.

जॉन बॉलच्या बाबतीत घोळ उलट दिशेने झाला. दोन वेगळे जॉन मुद्दाम एकत्र बांधले गेले. १५ जुलै १३८१ रोजी सेंट ऑल्बन्स येथे बॉलला ठार मारले. मरणापूर्वी त्याने ‘मी दोन वर्षे विक्लिफचा शिष्य होतो’ असा कबुलीजबाब दिला, असे विक्लिफविरोधी कागदपत्रांच्या एका संग्रहात आढळते. लेस्टरचा बखरकार हेन्री नाइटन तर म्हणतो, की ख्रिस्ताआधी जसा बाप्तिस्मा देणारा जॉन आला, तसा विक्लिफची वाट तयार करायला जॉन बॉल आला. हे सोयीचे होते. १३८२ मध्ये लंडनला विक्लिफची मते निषिद्ध ठरवली गेली, तेव्हा पंडिताच्या शिकवणीतून दंगल उपजते हे दाखवायचेच होते. परंतु तारखा जुळत नाहीत. लँगहॅम यांनी, म्हणजे ज्यांनी विक्लिफला काढले त्यांनीच, बॉलच्या प्रवचनांविरुद्ध १३६६ मध्ये हुकूम काढला होता. त्या वेळी विक्लिफच्या वादग्रस्त ग्रंथांचा पत्ताही नव्हता. बॉलला गुरूची गरज नव्हती.

बंडखोरांनी स्वतः या नावाचा उपयोग वेगळाच केला. बॉलची म्हणून जी पत्रे बखरींत उतरली आहेत, त्यांत लिहिणारा ‘जॉन मेंढपाळ’ आहे आणि ज्यांना निरोप धाडले ते जॉन गिरणीवाला, जॉन गाडीवान, इतकेच नव्हे तर ‘जॉन बिननावाचा’. पकडणाऱ्याने कोणाला पकडावे? खुद्द नाइटनची इतकी फसगत झाली, की वॉट टायलरनेच नाव बदलून जॅक स्ट्रॉ केले असे तो लिहून बसला. पुढे १४५० मध्ये जॅक केडने बंड केले, तेव्हा त्याने जॉन मॉर्टिमर हे नाव घेतले. मॉर्टिमर म्हटले की लोकांना यॉर्कच्या ड्यूकचे गणगोत आठवत असे.

मेफील्डचा जॉन १३८३ मध्ये वारला. ऑक्सफर्डचा जॉन ३१ डिसेंबर १३८४ रोजी लटरवर्थ येथे वारला आणि तिथल्या चर्चमध्ये पुरला गेला. १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेने त्याला पाखंडी ठरवून त्याची हाडे उकरून काढण्याचा आदेश दिला. त्या आदेशातही एक अट घातलेली होती, की इतर श्रद्धावंतांच्या हाडांतून ती ओळखता आली तर. १४२८ मध्ये लिंकनचे बिशप रिचर्ड फ्लेमिंग यांच्या देखरेखीखाली हाडे उकरली, जाळली आणि राख स्विफ्ट नदीत सोडली.